भाग त्रेसष्टावा: या आठवड्यात खून नाही

मी कॅमेऱ्यामागे वही घेऊन बसायची.
कमिसारच्या कुठल्या हातात सिगारेट होती,
ओव्हरकोटाचं वरचं बटण लावलेलं की उघडं,
प्रेताचा डावा बूट नेमका कुठे पडला होता,
सगळं टिपून ठेवायची, वेळेसकट.
नऊ वर्षं, एमडेनच्या धक्क्यावर,
दर शुक्रवारी सव्वाआठला कुणीतरी मरायचं
आणि त्याचे बूट मी सांभाळायची.

मरायचा बहुतेक वेळा फोको हाब्बेन.
टपाल खात्यातून निवृत्त. पडेल ते काम करणारा,
त्यातही पडण्याचंच जास्त.
अंगावर गार पाणी ओता, नाकावर माशी बसू द्या,
पापणी हलायची नाही.
अगदी जीव ओतून मरायचा.
तोंड कधी चिखलात, कधी मासळीच्या जाळ्याखाली,
म्हणून प्रेक्षकांना पत्ताच नाही
की एकच माणूस एकवीसदा मेलाय.
त्याची बायको तेवढी पाठीवरून ओळखायची
आणि शेजारणींना सांगायची, “आज आमचे आहेत.”

शहात्तरच्या उन्हाळ्यात लेखकाला कंटाळा आला
(की तो प्रेमात पडला, दोन्ही बोललं जायचं)
आणि त्याने खुनाशिवायचा भाग लिहिला.
हरवतो फक्त एक मेंढा.
बांधावर चरणारा, जत्रेत बक्षीस मिळवलेला, नाव सिनेटर.
आणि सापडतो पोलिसांच्याच हिरव्या-पांढऱ्या गाडीत,
मागच्या सीटवर, ऐसपैस,
कमिसारची हॅट अर्धी खाऊन झालेली.

मेंढ्याचा मालक फोको.
जन्मात पहिल्यांदा त्याला वाक्य मिळालं:
“मेंढा माझा, साहेब. भूक त्याची स्वतःची.”
आठवडाभर तो ते वाक्य खिशात घालून फिरला.
कपात खडीसाखर, वर कढत चहा,
ती तडतडायला लागली की हा पुटपुटायला लागायचा.
मेंढा माझा. साहेब. साहेब, मेंढा.

शूटिंगच्या दिवशी
“ॲक्शन” म्हटल्याबरोबर फोकोने डोळे मिटले.
सवय!
हात लुळे, मान कलती, श्वास बंद.
उभ्या उभ्या गेला.
दिग्दर्शक श्टापेनहोर्स्ट मचाणावरून किंचाळला,
“मेल्या, आज जिवंत आहेस तू!”
पाच टेक वाया.
सहाव्याला सिनेटरनेच मनावर घेतलं,
दोन पावलं मागे सरकला, आणि ढुशी.
फोको उडाला तो थेट कमिसारच्या छातीवर,
आणि आठवडाभर कोंडलेलं ते बाहेर पडलं:
“भूक माझी, साहेब! मेंढा त्याचा स्वतःचा!”

नऊ वर्षांत कमिसार पडद्यावर हसला नव्हता.
तो हसला. कोट धरून, कोटातल्या फोकोला धरून.
दिवेवाला शिडीवर हसला, शिडी हसली.
श्टापेनहोर्स्ट म्हणाला, हेच ठेवा.

मीही हसले, डोळ्यांतून पाणी येईतो,
आणि वहीत लिहायचं राहून गेलं.
म्हणून त्या दृश्यात
मेंढ्याने मघाशीच खाल्लेली हॅट
कमिसारच्या डोक्यावर आहे. अख्खी. पिसासकट.
तीन पत्रं आली. एक लाल शाईतलं.

आता लेअरच्या वृद्धाश्रमात दुपारी जुने भाग लागतात.
बायका विणता विणता विचारतात,
थेडा, आज कोण मरतंय?
मी म्हणते, आज कुणी नाही, बघा तरी.
फोको गेला त्याला बरीच वर्षं झाली.
झोपेत गेला; बूट जोडीने, पलंगाखाली, नीट.
मला कुणी विचारलं नाही, तरी मी पाहून ठेवले.

पडद्यावर तो धापा टाकतोय.
छाती वर, खाली, वर,
एकवीस भागांत एकदाही न हललेली.
सगळ्याजणी त्याच्या वाक्याला हसतात.
मी हॅटकडे बघते.
वही अजून आहे माझ्याकडे.
त्रेसष्टाव्या भागाच्या त्या पानावर
सहाव्या टेकपाशी काहीच लिहिलेलं नाही,
चहाचा एक गोल डाग आहे, तोही कुणाच्या कपाचा
ते मी टिपलेलं नाही.